लॅपटॉपातली गिरण

चटणीच्या दिवसांत आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. खाली डंका, म्हणजे मिरची कांडायचं यंत्र, चालू असतो. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, त्या तो चालवतात. उन्हाळा लागला की मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत बायका भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन येतात, लोखंडी मुसळं दिवसभर वर-खाली होतात आणि आत्ती त्या आवाजाच्या वरताण ओरडून बोलतात. संध्याकाळी डंका बंद झाला तरी त्यांचा आवाज काही खाली येत नाही. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळतं.

त्याच घराच्या वरच्या खोलीत बसून मी लोकांना बोलायला शिकवते. मी स्पीच थेरपिस्ट आहे. सकाळी एका दवाखान्यात जाते आणि दुपारनंतर घरूनच लॅपटॉपवर लांबच्या गावांतले पेशंट बघते. कुणाला लकवा मारून वाचा गेलेली असते, कुणाच्या घशाचं ऑपरेशन झालेलं असतं. यातल्या बहुतेकांना दर आठवड्याला कोल्हापूरला येणं जमत नाही. खिडकी घट्ट लावली, दाराला जाड पडदा सोडला, की डंक्याचा आवाज बराच कमी होतो. पण जमीन हादरते ती हादरतेच. टेबलावर ठेवलेला लॅपटॉप मुसळाबरोबर थरथरायचा आणि पेशंटला माझा चेहरा हलताना दिसायचा. त्यावर मी एक उपाय काढला होता. एक जुनी वाकळ चौघडी करून टेबलावर अंथरायची आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवायचा. थरथर थांबली. मी स्वतःवर खूश होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी लॅपटॉप गरम व्हायला लागला. सुरुवातीला नुसता कोमट, मग डाव्या बाजूला मनगट टेकवेना. आतला पंखा आधी कधी लागतो तेही कळायचं नाही, तो आता सुरू केल्याबरोबर फिरायला लागायचा आणि थोड्या वेळात असा घोंगावायचा की मी बोलता बोलता आपोआप आवाज चढवायचे. माझा नवरा फौंड्रीत पाळीवर असतो. त्यानं एकदा ऐकलं आणि म्हणाला, "नवा घे." मला नवा नको होता. त्यातच माझे सगळे पेशंट होते, त्यांच्यासाठी जमवलेली चित्रं होती, आणि त्याचा कळफलक माझ्या बोटांना पाठ होता.

मग मी माझ्या पद्धतीनं शोध सुरू केला. पडद्याआड कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते बघून नको ते बंद केले. थोडा फरक पडला, पण तेवढ्यापुरताच. मग लॅपटॉप उचलून खालून बघितला. तिथं हवा आत जायला बारीक फटी होत्या आणि त्या सगळ्या मी वाकळीनं बुजवून टाकल्या होत्या. वाकळ काढावी तर थरथर परत येणार. शेवटी मी आत्तींचा पोळपाट वर आणला. त्याला तीन पाय. पायांखाली वाकळीच्या घड्या, पोळपाटावर लॅपटॉप, पण फटी उघड्या राहतील असा थोडा बाहेर काढलेला. हवा खेळायला लागली, मनगट टेकवता यायला लागलं. चपात्यांच्या वेळी मात्र जिन्यातून हाक यायची, "डॉक्टरीणबाई, माझा पोळपाट सोडा!" मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना बऱ्याचदा सांगितलंय.

पंख्याचा आवाज मात्र गेला नाही. घोंगावण्यात आता एक घरघर मिसळली होती.

त्याच सुमाराला शिरोळकडच्या एका गावातले एक काका माझ्याकडे शिकत होते. वय साठीच्या आसपास. ते कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौद्याच्या वेळी बोली पुकारायचे. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीवर उभं राहून पुकारा सुरू केला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, असं त्यांची बायको सांगायची. तिला मी काकी म्हणायचे. एका सकाळी काका दात घासताना खाली बसले ते त्यांना उठता येईना. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पाय पुढे बराच सुधारला. शब्द परतले नाहीत.

अशा आजारात माणसाला बहुतेक सगळं कळत असतं. काय म्हणायचं तेही ठाऊक असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. कधीकधी एखादाच शब्द तेवढा शिल्लक राहतो आणि सगळीकडे तोच बाहेर पडतो. काकांच्याकडे "बघ की" राहिलं होतं. पाणी हवं असलं की "बघ की", राग आला की "बघ की", नातू शाळेतून आला की प्रेमानं "बघ की". काकी म्हणायच्या, "मॅडम, दिसभर मी बघतोयच. काय बघायचं ते सांगत न्हाईत." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच, पुरुषासारखं बोलतात. मीही रागावले की तसंच बोलते.

काकांना माझ्या पाठोपाठ म्हणता यायचं, हळूहळू, एकेक शब्द. आपण होऊन काही यायचं नाही. मी पडद्यावर ओळखीच्या वस्तूंची चित्रं दाखवायचे. साखर, ऊस, म्हैस, सूप, शेत. मी म्हणायचे, मग ते. काकी शेजारी मोबाइल धरून बसायच्या, कारण त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता. काका मन लावून करायचे, घाम पुसत करायचे. पण 'स' आणि 'श' त्यांना काही केल्या येईना. साखरेला "आखर", म्हशीला "म्है", उसाला नुसतं "ऊ". मी जीभ कुठे ठेवायची ते दाखवलं, आरसा घ्यायला लावला, तोंडासमोर कागदाचा कपटा धरून तो फुंकरीनं हलवायला सांगितला. फुंकर छान यायची. शब्द म्हटला की पुन्हा "ऊ".

असे काही आठवडे गेले. मग एक दिवस काकींनी मधेच मला थांबवलं.

"मॅडम, एक बोलू का? रागाला येऊ नगासा."

"बोला की."

"हे उसाला 'ऊ' म्हणत्यात, खरं हाय. पर तुम्हीबी 'ऊ'च म्हणतासा की!"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "ऊस." शेवटचा 'स' चांगला लांबवला.

"बघा! परत 'ऊ'!"

मी त्यांना पुढच्या तासापर्यंत थांबायला सांगितलं आणि माझ्याच मोबाइलवर लॅपटॉपवरून फोन लावून स्वतःला ऐकलं. एका कानाला मोबाइल, समोर लॅपटॉप, आणि मी वेड्यासारखी "साखर, म्हैस, ऊस" करत होते. काकी बरोबर होत्या. त्या फोनच्या प्रोग्रॅममध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकायची सोय असते. पंख्याचं घोंगावणं आणि आपला 'स', दोन्ही म्हणजे शेवटी नुसती सुटलेली हवा. पंखा गाळता गाळता तो माझा 'स'ही गाळत होता. मी इथं "ऊस" म्हणायचे आणि तिकडे "ऊ" पोचायचा. काका ऐकलेलं तंतोतंत परत म्हणत होते. त्यांच्या कानाचं, जिभेचं काहीही चुकत नव्हतं.

त्या दुपारी मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. जे माणसाचं दुखणं समजत होते ते यंत्राचं निघालं. यंत्राचं दुखणं केव्हाही बरं. मी आनंदानं खाली जाऊन आत्तींना सांगितलं. त्यांनी डंका न थांबवता ऐकलं आणि ओरडल्या, "मग त्या माणसाला इतके दिस उगाच फुंकर मारायला लावलीस व्हय?"

पुढच्या तासाला मी गाळायची सोय बंद केली. आता माझा 'स' पोचणार होता. पण त्याच्याबरोबर पंखाही पोचणार होता, अख्खाच्या अख्खा. फोन लागल्या लागल्या काकी म्हणाल्या, "मॅडम, कोल्लापुरात पाऊस लागलाय व्हय?" बाहेर रखरखीत ऊन होतं.

"पाऊस नाही काकी, माझ्या लॅपटॉपचा पंखा आहे. थोडं सहन करा." मग मी काकांकडे वळले आणि उसाचं चित्र दाखवलं. "ऊस."

काकांच्या कपाळाला आठ्या.

"म्हणा काका, ऊस."

"बघ की," ते म्हणाले आणि डावा हात मोबाइलकडे झटकला. "बघ की. बघ की!"

"काय बघू? पाणी पायजे?" काकींनी विचारलं. काकांनी मान जोरात हलवली, नाही. "उशी देऊ पाठीला?" नाही. काकांचा चेहरा लाल झाला. ओठ हलायला लागले, गळ्याची शीर ताठ झाली. मी काही बोलणार होते, पण थांबले. आमच्या कामात सगळ्यात अवघड गोष्ट ही असते, गप्प बसणं. पंखा आणखी जोरात फिरायला लागला.

"गि," काका म्हणाले. मग श्वास घेतला. "गिर."

काकींचा हात हलला आणि पडद्यावर घराची कौलं दिसली, मग परत काका.

"गिरण," काका म्हणाले. "गिरण बंद कर!"

"कसली गिरण? आपल्यात कुठली आलीया गिरण?" काकी सवयीनं बोलून गेल्या आणि मग एकदम थांबल्या.

मी चित्रांच्या ढिगात पिठाची गिरण कधीच दाखवली नव्हती. हा शब्द मी त्यांना दिला नव्हता, कुणीच दिला नव्हता. तो त्यांनी स्वतः शोधून आणला होता, आणि त्याला पुढचे दोन जोडून हुकूम सोडला होता. अशा वेळी टाळ्या वाजवायच्या नसतात. माणूस बोलला तर त्याला बोलण्यासारखंच उत्तर द्यायचं असतं, असं मी दवाखान्यातल्या शिकाऊ मुलींना नेहमी सांगते. म्हणून मी म्हटलं, "करते काका. लगेच बंद करते." आणि खरोखरच लॅपटॉपचं झाकण बंद केलं.

बंद केल्यावर लक्षात आलं की फोनही तुटला. खाली मुसळं चालू होती. मोबाइल वाजला तेव्हा पलीकडे काकी रडत होत्या की हसत होत्या ते समजायला मार्ग नव्हता. "बोलले वो मॅडम! बोलले! शिव्याच घातल्या म्हणा की!" आणि मागून काकांचा आवाज येत होता, एकदा, दोनदा, चव घेतल्यासारखा. "गिरण. गिरण."

नंतरच्या तासाला माझ्या मनात एक वेडा विचार आला होता. पंखा दुरुस्त करायलाच नको, असा. ज्या आवाजानं त्यांच्याकडून शब्द काढून घेतला तो आवाज राहू दे. मी तसं केलंही. फोन लागला, पंखा घोंगावला आणि काकांनी लगेच हसत म्हटलं, "गिरण." पण त्यांना आता राग येत नव्हता, आणि तेवढ्यानं भागणारही नव्हतं. त्यात लॅपटॉपनं स्वतःच निकाल लावला. बोलता बोलता पडदा काळा झाला. थंड होईपर्यंत तो परत सुरूच झाला नाही. बाकीच्या पेशंटच्या वेळीही तेच झालं, तेव्हा उघडून बघण्यावाचून इलाज राहिला नाही.

डंक्याला सुट्टी होती त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप पालथा ठेवला. चार्जर काढला, पूर्ण बंद केला. पाठीमागचे स्क्रू बारीक, आणि सगळे सारखे नव्हते, काही लांब, काही आखूड. ते मिसळतील म्हणून आत्तींनी मिसळणाचा रिकामा डबा पुढे केला. मोहरीच्या वाटीत लांब, हळदीच्या वाटीत आखूड. पाठ निघेना, तेव्हा मी एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फटीत घालून कडेकडेनं फिरवलं. टक् टक् करत पाठ सुटली.

आत पंखा होता, तळहाताएवढासुद्धा नाही. त्याच्या तोंडाशी तांब्याच्या पातळ पट्ट्या, ज्यांच्यातून गरम हवा बाहेर पडायची. आणि पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये दाबलेल्या लोकरीसारखा एक थर बसला होता, चांगला जाड, तांबूस. मी तो चिमट्यानं उचलला तसा अख्खा निघून आला. वाकळीचे तंतू आणि त्यात गच्च बसलेली—

मला शिंक आली. मग आत्तींना आली. मग आम्ही दोघी आळीपाळीनं शिंकत राहिलो, डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. शेवटी आत्तींनी पदरानं डोळे पुसले, तो तुकडा नाकाशी नेला, आणि पुन्हा शिंकून म्हणाल्या, "अगं, ही तर माझीच चटणी! संकेश्वरी मिरची हाय."

"तुमची चटणी माझ्या लॅपटॉपात कशाला आली?"

"तिला काय, खिडकी दिसली की जाती." आणि मग त्या उठल्या. "थांब. आत्ता साफ करतो."

डंक्याच्या मोटारीत मिरचीपूड बसली की ती उडवायला त्यांच्याकडे हवेचा फुंकणा आहे, विजेवर चालणारा. तो घेऊन त्या आल्या. मी म्हणत होते, "थांबा आत्ती, आधी पंख्यात काडी अडकवू दे, तो फिरता कामा नये," आणि काडेपेटी शोधत होते. पण ऐकून घेणं हा आत्तींचा स्वभाव नाही. फुंकणा सुरू झाला. त्या इवल्या पंख्यानं जन्मात कधी असा वेग बघितला नसेल. तो किंचाळला. मी बटण दाबून फुंकणा बंद केला. आत्ती प्रथमच हळू आवाजात म्हणाल्या, "गेला का?"

गेला नव्हता. सगळं परत जोडून सुरू केल्यावर लॅपटॉप गार राहिला, मनगट आरामात टेकलं. पण पंखा आता खडखडत होता, डबीत खडा घालून हलवल्यासारखा. आत्ती पलीकडे तोंड करून भांडी विसळत होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मी बिघाडलाय. दुरुस्तीला मी येणार."

म्हणून दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकान एक बाई चालवतात, चष्मा डोक्यावर सरकवलेला, टेबलावर दहा उघडे लॅपटॉप. त्यांनी पंखा बोटानं हलवून बघितला. आत्तींनी मी काही बोलायच्या आत सगळं सांगून टाकलं, फुंकण्यासकट.

"बेअरिंग आधीच झिजलं होतं मावशी," त्या बाई म्हणाल्या. "तुम्ही काय केलं नसतं तरी गेलंच असतं."

ते खरं होतं की आत्तींच्या चेहऱ्याकडे बघून त्या तसं म्हणाल्या, ते मला अजून कळलेलं नाही. पंखा बाहेरून मागवावा लागणार होता. चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्टही सुकून खडू झाली होती, ती नवी लावायची होती. लॅपटॉप काही दिवस तिथंच राहणार होता.

बाकीच्या पेशंटना मी मोबाइलवर भेटले. काकांच्या गावी मात्र मी स्वतः गेले. जयसिंगपूरपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. दोन्ही बाजूंना ऊस, मधून काळा रस्ता. इतके दिवस पडद्यावर छातीपर्यंतच बघितलेला माणूस प्रत्यक्षात एवढा उंच असेल असं वाटलं नव्हतं. काका अंगणात खुर्चीवर बसले होते. मला बघून डावा हात उंचावला, "बघ की," म्हणाले आणि स्वतःवरच वैतागून मान हलवली. थोडा वेळ गेला. "या," ते म्हणाले. मग आणखी थोड्यानं, "बसा."

काकींनी आतून चहाची कपबशी आणली होती, पण मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्या दारातच थांबल्या. मी त्यांना आधीपासून सांगत होते, मागितल्याशिवाय द्यायचं नाही, तोंडातनं काहीतरी येऊ द्यायचं. काकांनी बोट दाखवलं. काकी म्हणाल्या, "काय? मला काय कळना." त्यांनी परत बोट दाखवलं. काकी ढिम्म. मग काकांचा संयम सुटला आणि अंगणभर आवाज घुमला, "चा आण की!"

काकी चहा घेऊन येताना एवढ्या हसत होत्या की अर्धा बशीत सांडला.

शेजारची एक म्हातारी कुंपणाजवळ येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, "कोण पावणं आल्यात?" काकी उत्तर देणार तोच काकांनी हात वर केला, त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघत शब्द शोधत राहिले. मी शोधू दिला. "मास्तरीण," ते म्हणाले.

निघायच्या आधी मी त्यांना विचारलं, सौद्याचा पुकारा करून बघायचा का? काकींच्या चेहऱ्यावर भीती दिसली. काका मात्र उठून उभे राहिले, खुर्चीच्या पाठीला धरून. त्यांनी मान वर केली आणि पुकारा सुरू केला. शब्द नव्हते. बोली नव्हती, आकडे नव्हते. पण चढणारा आवाज होता, मधेच घेतलेली झेप होती, शेवटी सोडून देण्याआधीचा तो ताण होता. सगळा पुकारा होता, फक्त शब्दांवाचून. गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली. संपल्यावर काका खाली बसले आणि डाव्या हातानं डोळे पुसले. मी त्यांना सांगितलं की शब्दांपेक्षा चाल आधी येते हे चांगलं लक्षण आहे, चालीला धरून पुष्कळदा शब्द येतात. हे मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. आमच्याकडे खरंच तसं होतं.

लॅपटॉप परत आला तेव्हा मी तो सुरू केला आणि कान लावून बसले. पंखा फिरतोय हे हात ठेवल्यावरच कळत होतं. खिडकीला मी बारीक जाळी बसवून घेतली आणि लॅपटॉपखाली पायांचं लाकडी फळकुट करून घेतलं. पोळपाट खाली गेला. त्या संध्याकाळी फोन लागल्यावर मी उसाचं चित्र दाखवलं आणि म्हटलं, "ऊस." काकांनी ऐकलं. जीभ दातांमागे नेली, डोळे बारीक केले. "ऊस," ते म्हणाले. 'स' लांब, शिट्टीसारखा. मग त्यांना तो एवढा आवडला की त्यांनी साखर, सूप, म्हैस, सगळं पाठोपाठ म्हणून टाकलं. मी चित्रं दाखवायचीच विसरले.

सगळं परत आलं असं नाही. काका बाजारात परत पुकारायला गेले नाहीत, आणि जातील असंही मला वाटत नाही. आजही त्यांची वाक्यं आखूड असतात, आणि दमले की शब्द हरवतो. पण ते भांडतात, चहा मागतात, नातवाला अभ्यासाला बसवतात. नातू ऐकत नाही, ते वेगळं.

परवा तपासणीसाठी दोघं कोल्हापूरला आले, एसटीनं, सोबत कुणी नाही. दवाखान्यात माझ्या खोलीत बसल्या बसल्या काकींनी मला गाडीतली गोष्ट सांगितली. कंडक्टर आला तेव्हा त्या पर्समधून पैसे काढत होत्या, आणि काकांनी त्यांच्या हाताला हात लावून थांबवलं. म्हणजे तिकीट ते मागणार. गाडीत गर्दी. कंडक्टर घाईत. काका म्हणाले, "हाफ." मग थांबले. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन हातात धरून वाट बघितली, घाई असूनही. "फुल," काका म्हणाले. "कोल्हापूर."

"हाफ कोण, फुल कोण?" कंडक्टरनं विचारलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, त्याला ते ठाऊक होतं. उगाच मजा करत होता.

काकांनी काकींकडे बोट दाखवलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही हाफ!"

"गाडीतली समदी हसाय लागली," काकी म्हणाल्या. त्यांनी रागावल्यासारखं तोंड केलं होतं, पण डोळे काही केल्या त्यांचं ऐकत नव्हते. शेजारी काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, एकेक शब्द नीट मांडत, "जेवला... न्हाईसा... अजून?"

मी खरंच जेवले नव्हते. तिघं मिळून जेवायला खाली उतरलो.